उघड्या पाठीचे गड्डे

एकदा एक भांडण माळावर ऐन भरात आलं होतं. वैशाखातली सकाळ, अकराचा सुमार. एका बाजूला हळदीचा मोठा व्यापारी उभा, दुसऱ्या बाजूला बाग करणारी एक म्हातारी खुरपं घेऊन बसलेली, आणि दोघांच्या मधे जमिनीवर एक पत्र्याची ट्रंक. ट्रंक व्यापाऱ्याच्या बहिणीची. बहिणीनं ती त्याच दिवशी सकाळी रिक्षात घालून म्हातारीच्या बागेत आणली होती, आणि व्यापारी ती परत न्यायला स्वतः जीप घेऊन आला होता.

व्यापारी तिसऱ्यांदा तेच म्हणत होता, की माणसानं माणसाला असं उन्हात टाकू नये. म्हातारीही तिसऱ्यांदा तेच उत्तर देत होती, की तिला कुणी टाकलेली नाही, ती आपल्या पायांनी आली आहे, आणि ते पाय तुझे नाहीत.

बहीण वाफ्याच्या कडेला उभी होती. तिला अजून कुणी काही विचारलं नव्हतं.

भांडणात कोण बरोबर हे आधी ठरवून मग वाचायची ज्यांना सवय आहे त्यांनी ती इथं थोडी बाजूला ठेवावी. व्यापारी चांगला माणूस होता. तो वाईट असता तर ही गोष्ट मी लिहायला घेतलीच नसती. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं, त्याला पाठ दाखवली की झालं. चांगल्या माणसाशी भांडायचं म्हणजे त्याचे उपकार डोळ्यांसमोर ठेवून भांडायचं, आणि तिथं भल्याभल्या बायकांची जीभ टाळूला चिकटते.

त्याचं नाव मल्लिकार्जुन, पण सगळी पेठ त्याला मल्लूअण्णा म्हणायची. आठ वर्षांपूर्वी त्याच्या धाकट्या बहिणीच्या, शैलजाच्या, नवऱ्यानं दुसरं घर केलं. अण्णा त्याच दिवशी गेला आणि बहिणीला घेऊन आला. एक शब्द वाकडा बोलला नाही. हे घर तुझंच आहे म्हणाला, आणि खरोखर तसाच वागला. तिला वेगळी खोली दिली, खोलीला पंखा दिला, बायकोला सांगून ठेवलं की हिला जड काम लावायचं नाही. बायकोही भली होती. शैलजा चहा करायला उठली की वहिनी मायेनं तिच्या हातातून पातेलं काढून घ्यायची. बाजारात ऊन असतं म्हणून बाजार नको. रस्त्यावर वर्दळ असते म्हणून एकटीनं जाणं नको. शैलजा शिवणाचा क्लास लावते म्हणाली, तेव्हा अण्णाचा चेहरा पडला. लोक म्हणतील अण्णाला बहीण जड झाली, आणि तिला पोटासाठी मशीन चालवावी लागते. तेही राहिलं. आठ वर्षांत शैलजाच्या हातून एक कप फुटला नव्हता, कारण तिच्या हातात कप कुणी राहूच दिला नव्हता. तिला काही कमी नव्हतं. म्हणूनच तिला कुणापाशी काही बोलता येत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी माघात एकदा घरच्यांबरोबर कुठल्याशा लग्नाहून येताना त्यांच्या जीपचं चाक बसलं. जागा कोणती, तर हाच माळ. जिथं कुसळाशिवाय काही उगवत नाही असा लौकिक, तिथं कुंपणाच्या आत दगडधोंड्यांत निळी फुलं उभी होती. केवढी तरी मोठी. तीन पाकळ्या वर उभारलेल्या, तीन खाली सोडलेल्या, आणि खालच्या प्रत्येक पाकळीवर मधोमध पिवळी लव. पानं तलवारीच्या पात्यांसारखी, सरळ, आभाळात खुपसलेली. चाक बदलेपर्यंत शैलजा कुंपणाला हात लावून उभी राहिली. पुढच्या आठवड्यात ती एकटी एसटीनं तिथं आली. घरी काय सांगून आली ते विचारू नका. चौतिसाव्या वर्षी आयुष्यातलं पहिलं खोटं ती बोलली होती आणि एसटीत बसून तिला त्याचं हसू येत होतं.

बाग कोंडाबाईची. दीड एकर माळ, तोही चुनखडीचा, जो भावकीनं वाटणीत तिच्या गळ्यात घातला होता, कारण त्यात काही येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. कोंडाबाईला मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं. तिला बागेचं कुणी शिकवलं नाही. तिनं जितकी झाडं जगवली त्याच्या दुप्पट मारली, पण मेलेलं प्रत्येक झाड उपटून त्याची मुळं उन्हात धरून पाहिली. हीच तिची शाळा. पुढे शहाणी माणसं वह्या घेऊन तिच्याकडे यायला लागली तेव्हा ती त्यांना आधी खत टाकायला लावायची आणि मग बोलायची. शैलजाला तिनं पहिले तीन महिने नुसते दगड वेचायला लावले. शैलजा वेचत राहिली. हातांना फोड आले ते तिनं घरी पदराआड लपवले, आणि रात्री अंथरुणात ते फोड चाचपून बघताना तिला फार बरं वाटायचं.

या फुलांना आयरिस म्हणतात. ती थंड डोंगरांतली. इथल्या सरकारी दवाखान्यात डोंगराकडची एक नर्स होती, तिनं माहेरून पोतंभर गड्डे आणले होते. बदली झाली तेव्हा ते पोतं तिनं कोंडाबाईला दिलं आणि म्हणाली, तुमच्या उन्हात हे जगणार नाहीत, वाटलं तर फेकून द्या. कोंडाबाईला 'जगणार नाहीत' हे शब्द कुणी ऐकवू नयेत. तिनं पोतं उघडलं, गड्डे हातात घेतले. दिसायला आल्यासारखे, हळदीसारखे. मग आपल्याकडे कुणीही जे करील तेच तिनं केलं. वीतभर खोल लावले, वर मातीची भर दिली आणि रोज पाणी सोडलं. सगळे कुजले. पोतं ओढत आणताना पाच गड्डे बांधाच्या दगडांवर पडून राहिले होते. ते दीड महिना तिथंच ऐन उन्हात पडून होते, ना माती, ना पाणी. पहिला पाऊस येऊन गेल्यावर कोंडाबाई बांधावरून जात होती, तर त्या पाचही गड्ड्यांना हिरवी टोकं फुटलेली.

ती तिथंच बसली म्हणतात, आणि बराच वेळ उठली नाही.

त्या पाचांचा हा सगळा वाफा. उंच केलेला, खाली खडी, वर मुरूम. त्यात गड्डे असे लावलेले की फक्त मुळं जमिनीत आणि गड्ड्याची पाठ उघडी, दक्षिणेकडे तोंड करून. थंडीत पाणी. फुलं गेली की पानं वीतभर ठेवून कातरायची आणि चैत्र-वैशाखात पाण्याचा थेंब द्यायचा नाही. त्या दिवसांत वाफा बघवत नाही. भाजलेल्या मुरमावर सुरकुतलेले, भुऱ्या पाठीचे गड्डे, जणू चुलीतून काढून टाकलेली लाकडं. वाफ्याचा उगवतीकडचा अर्धा भाग कोंडाबाईचा, अकरा वर्षांचा. मावळतीकडचा शैलजानं दोन पावसाळ्यांमागे स्वतःच्या हातानं लावलेला. यंदाच्या माघात तिला पहिली फुलं आली होती.

तर या माघानंतर शैलजानं अण्णाला सांगितलं की मी बागेतल्या पत्र्याच्या खोलीत राहायला जाणार, कोंडामावशीबरोबर काम करणार, रोपं करून विकणार. अण्णाला आधी वाटलं कुणी काही बोललं असेल. बायकोला विचारलं, आईसारख्या आत्याला विचारलं. कुणी काही बोललं नव्हतं. मग तो जागा बघायला आला. चैत्र सरत आलेला. बहिणीनं ज्या फुलांचं एवढं कौतुक सांगितलं त्यांची दशा त्यानं पाहिली. हळदीत जन्म गेलेला माणूस. गड्डा उघडा पडला की त्याला माती लावायची, हे त्याला श्वासासारखं ठाऊक. त्यानं म्हातारीला काही म्हटलं नाही. घरी जाऊन दोन गडी बोलावले आणि सांगितलं, शैलाच्या वाफ्याला मातीची नीट भरणी करा, वर उसाचं पाचट पसरा, आणि रोज टँकरनं पाणी द्या. बहिणीची फुलं वाचली तर वाचली, एवढाच त्याचा हेतू.

गडी आले तेव्हा शैलजा, जी आता बागेत रोज उघडपणे यायला लागली होती, बागेतली रोपं विकायला आठवडी बाजाराला गेली होती. कोंडाबाई एकटी होती. त्यांनी विचारलं, शैलाताईंचा वाफा कुठला. कोंडाबाईनं क्षणभर त्यांच्या फावड्यांकडे पाहिलं, मग बोट केलं उगवतीकडे आणि म्हणाली, हा.

शैलजा परत आली तर म्हातारीचा अकरा वर्षांचा वाफा हळदीसारखा सरींनी भरलेला, वर पाचट, आणि पाचटाखालून पाणी पाझरतंय. ती धावत गेली आणि हातांनी माती उकरायला लागली. कोंडाबाईनं तिला मनगट धरून उठवलं. राहू दे, घरीही काही बोलू नकोस म्हणाली. शैलजानं विचारलं का, तर खुरपं घेऊन बांधाकडे निघून गेली. गडी रोज यायचे, पाणी द्यायचे, आणि कोंडाबाई त्यांना पाणी द्यायला नळी धरून उभी राहायची. चार दिवसांनी शैलजानं तिच्याशी बोलणं सोडलं. आपल्या हातानं वाढवलेलं कुणी असं मरू देतं, हे तिच्या समजुतीत बसत नव्हतं. नवव्या दिवशी तिनं मुकाट्यानं घरची ट्रंक भरली आणि बागेत आणून ठेवली. रागावलेली होती तरी आली, हे लक्षात ठेवावं. म्हातारीवरच्या प्रेमापोटी ती येत नव्हती. ती स्वतःसाठी येत होती.

आणि मागोमाग अण्णाची जीप.

आता भांडण कुठं आलं होतं ते सांगते. अण्णा म्हणत होता की मावशी, तुमचा मान राखून बोलतो, पण ज्या बाईनं स्वतःची झाडं अशी होरपळत ठेवली तिच्या हवाली मी बहीण कशी करू. मी माणसं पाठवली नसती तर हा अर्धा वाफाही गेला असता. हे म्हणताना त्यानं अभिमानानं त्या भरलेल्या सरींकडे हात केला. पाचटाखाली ओल होती, वर दोन-चार पात्यांची टोकं हिरवी दिसत होती. त्याला ते पुरेसं होतं.

कोंडाबाई हसली. तिच्या हसण्यात फारसे दात नव्हते, पण धार होती.

"शेठ, तुझा अंगठा हळद पारखतो म्हणतात," ती म्हणाली. "घाल की हात. तुझंच काम आहे, तूच बघ."

अण्णा वाकला. पाचट सारलं, माती बाजूला केली. बोटांना गड्डा लागला तसा त्यानं सवयीनं अंगठा दाबला, आणि अंगठा आत गेला. गड्डा मऊ झाला होता, आतून पिवळट पाणी आलं, आणि असा वास सुटला की जीपपर्यंत गेला. त्यानं शेजारचा उकरला. तोही तसाच. तिसरा, चौथा. मग तो उकरत सुटला, धोतराचा सोगा चिखलात, हात कोपरापर्यंत बरबटलेले. सगळी सर उकरून झाल्यावर तो मागे टेकून बसला. हळदीच्या माणसाला हा वास ओळखावा लागत नाही.

"कंदकुज," तो हळूच म्हणाला.

कोंडाबाई उठली, मावळतीकडच्या अर्ध्यातला एक गड्डा उचकटून तिनं त्याच्या चिखलाच्या हातात ठेवला. सुरकुतलेला, कोरडा, उन्हानं तापलेला. त्यानं अंगठा दाबला. दगड. नखानं साल खरवडलं तर आत पांढराशुभ्र, ताजा.

अण्णानं बहिणीकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते. म्हणाला, "शैला, मी तुझी सगळी झाडं मारली गं."

शैलजानं नाही अशी मान हलवली. बोलणार होती, पण म्हातारी आधी बोलली.

"तिची नाहीत. तिची ती, जिवंत आहेत ती. मेलेली माझी."

आणि तिनं सांगून टाकलं, की तुझ्या गड्यांना मी खोटं बोट दाखवलं. अण्णाला काही कळेना. इतकी वर्षं जपलेलं, कुणी विचारलं नसताना, उठून असं हातानं देऊन टाकायचं, आणि वर रोज नळी धरून उभं राहायचं. वेड लागलं होतं का तुम्हाला, असं त्यानं विचारलं, पण विचारताना त्याचा आवाज मघासारखा राहिला नव्हता.

कोंडाबाई पुन्हा खाली बसली. ती जे बोलली ते मी जसंच्या तसं देते.

"तुझ्या माणसांना मी हाकललं असतं, शेठ. हातात खुरपं होतं माझ्या, आणि ते बिचारे भित्रे. पण मग तू जन्मभर म्हणाला असतास की म्हातारी हट्टी, तिनं मला करू दिलं नाही, करू दिलं असतं तर फुललं असतं. म्हणून म्हटलं, कर. पोटभर कर. मी नळी धरते. आणि तिचा वाफा दिला असता तर शिकायचं तुला आणि भोगायचं तिनं, असं झालं असतं. ते तिच्या नशिबात आजवर पुष्कळ झालंय. म्हणून माझा दिला. अकरा वर्षं गेली, जाऊ देत. एकदा मारूनच शिकले होते, परत लावीन. मला लावता येतं.

"तू माती वाईट घातली नाहीस. पाणीही वाईट दिलं नाहीस. हळदीला दिलं असतंस तर लोक बघायला आले असते. पण हा गड्डा कुठला आहे, त्याला काय लागतं, हे तू त्याला विचारलं नाहीस. तुझ्याजवळ जे होतं ते तू त्याच्यावर घातलंस. हा ऊन पाठीवर घेतो तेव्हा त्याच्या पोटात फूल धरतं. वैशाखात तो मेलेला दिसतो, आणि नेमका तेव्हाच तो पुढच्या माघाची तयारी करत असतो. तुला वाटलं उघडा पडलाय, झाका. अरे, तो उघडा पडलेला नाही. तो बसलाय, स्वतः होऊन."

माळावर ऊन तेवढं चढत होतं.

पण मी आधीच म्हटलं, मल्लूअण्णा चांगला माणूस होता, आणि चांगला माणूस असा एका गड्ड्यावर हार मानत नाही. तो उठला, हात पुसले, आणि या साऱ्या भांडणातलं सर्वांत शहाणं वाक्य बोलला.

"मावशी, झाडाचं तुम्हाला कळतं, मान्य आहे. पण माझी बहीण झाड नाही."

मग त्यानं एकेक विचारलं. पत्र्याखाली वैशाखात ती निजणार कशी. ताप आला तर पाणी कोण देणार. रात्री कुणी कुंपण ओलांडलं तर. तुमचं वय झालं, उद्या तुम्ही गेलात तर हिच्या मागे कोण. आणि शेवटी, जे त्याला सर्वांत आधी म्हणायचं होतं पण लाज वाटत होती ते: पेठेत मला विचारतील, अण्णा, एक बहीण सांभाळता आली नाही का तुला, तर मी काय सांगू.

यातला एकही प्रश्न खोटा नव्हता. कोंडाबाईला उत्तरं होती. तिला नेहमीच उत्तरं असतात, आणि तिनं द्यायला सुरुवातही केली. पत्र्यावर गवत टाकता येतं, कुंपणाला काटे आहेत, आणि पेठेचं म्हणशील तर पेठ तुझ्या बहिणीसाठी कधी चार पावलं चालत आली का. आणि मी मेले तर काय म्हणशील तर, ती पुढे म्हणाली, ज्या गड्ड्यानं एकदा फूल दिलं तो परत फुलत नाही, त्याच्या कडेचे फुलतात, आणि मधला जुना गड्डा मी दर तिसऱ्या वर्षी स्वतः तोडून उकिरड्यावर टाकते. माझंही तसंच, माझं काय घेऊन बसलास. हिला माझ्या जिवावर राहायचं नाही. आपल्या जिवावर राहायला आलीय ती. ती घाबरणारी नाही, तिला मी ओळखते, तिला काय हवंय ते मला विचार, मी सांगते...

आणि इथं म्हातारी थांबली.

बोलता बोलता तिची नजर शैलजाकडे गेली होती. शैलजा अजून तिथंच उभी होती, वाफ्याच्या कडेला, जिथं ती तासाभरापूर्वी उभी होती. अण्णा तिच्याबद्दल बोलत होता, कोंडाबाई तिच्याबद्दल बोलत होती, आणि दोघांनी मिळून तिच्यावर शब्दांची चांगली हातभर भरणी केली होती.

कोंडाबाईच्या हातातलं खुरपं खाली आलं. आयुष्यात फार थोड्या वेळा तिला असं खाली बघताना लोकांनी पाहिलं असेल.

"बरोबर बोललास तू, शेठ," ती म्हणाली. "झाड नाही ती. झाडाला तोंड नसतं, त्याचं उकरून बघावं लागतं. हिला आहे, आणि आठ वर्षांत तू विचारलं नाहीस. मीही विचारलं नाही. तू सावलीत ठेवायला निघालास, मी उन्हात. ती बसणार कुठं ते आपण दोघंच ठरवतोय."

मग ती तोंड मिटून बसली. तिला ते जमत नव्हतं हे दिसत होतं, पण बसली.

दुसऱ्यावर माया करणाऱ्यानं अधूनमधून आपलाच हात मातीत घालून पाहावा, खाली ओल किती साचली आहे ते.

शैलजा ट्रंकेपाशी आली. अण्णा पुढे झाला, उचलायला. तिनं नको म्हटलं, नुसत्या हातानं. ट्रंक जड होती. तिनं एका बाजूची कडी धरली आणि ट्रंक मुरमावरून ओढत पत्र्याच्या खोलीकडे नेली. मुरमावर तिची मोठी खरड उमटली आणि आवाजानं कुंपणावरच्या दोन साळुंक्या उडाल्या. दोन वेळा ती थांबली, हात बदलला. अण्णा दोन्ही वेळा एक पाऊल पुढे आला आणि दोन्ही वेळा, म्हाताऱ्या बाईनं न सांगता, आपणहून मागे झाला. उंबऱ्याशी ट्रंक अडली. तिनं ती एका टोकानं उचलली आणि आत ढकलली.

आतून भांड्यांचा आवाज आला. मग ती बाहेर आली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात फुलपात्र. आधी तिनं अण्णाच्या हातांवर पाणी घातलं. कुजक्या गड्ड्यांचा चिखल धुऊन गेला. मग फुलपात्र भरून त्याच्या हातात दिलं, जसं दारी आलेल्या माणसाला देतात तसं. त्यानं ते घेतलं. आठ वर्षांत बहिणीच्या हातचं पाणी तो प्रथमच पीत होता, आणि पिताना ते त्याच्या ध्यानात आलं. तो सावकाश प्यायला. रिकामं फुलपात्र परत देताना त्यानं अजून एकदा तोंड उघडलं, चल म्हणायला किंवा आणखी काही म्हणायला, कोण जाणे. पण तिनं त्याला बोलू दिलं नाही. त्या सकाळी ती पहिल्यांदा बोलली.

"अण्णा, आठ वर्षं मी तुला तुझ्याच घरात, तुझ्याच तेलाचा दिवा लावून ओवाळलं, यंदा भाऊबीजेला तू माझ्या घरी जेवायला यायचं."